टोपणकाका

परभणीच्या वाट्याला दोन म्हणी आल्या आहेत. एक, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिली आम्ही पाहुण्यांना ऐकवतो आणि दुसरीच्या आधारानं दिवस काढतो. नळ गळायलाय? चिंधी बांधा. फाटक लागत नाही? धोंडा लावा. पावसानं रस्ता उखडला? शेजारून जा, चार दिवसांत तिथं आपोआप रस्ता होतो. अशा गावात पहिली म्हण मनावर घेतलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. जिंतूर रोडच्या आमच्या कॉलनीत ते राहतात. टेलिफोन खात्यातून केबल जॉइंटर म्हणून निवृत्त झाले. आणि सायकलच्या ब्रेकची वायर जिथं संपते, तिथल्या शेवटच्या दोन बोटांची जबाबदारी त्यांनी कुणी न सांगता स्वतःवर घेतली आहे. खरं नाव रेशनकार्डावर असेल. कॉलनीत त्यांना टोपणकाका म्हणतात.

काकांच्या शर्टाच्या खिशात फोटोच्या रोलची काळी डबी असते. कॅमेऱ्यातला रोल जाऊन जमाना झाला, डबी राहिली. तीत अॅल्युमिनियमची तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी टोपणं असतात. चालताना डबी खुळखुळते. लहान पोरांना त्यात गोळ्या असाव्यात असं वाटतं, मोठ्यांना गोळ्याच पण बीपीच्या असाव्यात असं वाटतं. दुसऱ्या खिशात छोटी पक्कड. पत्रिका द्यायला आलेला माणूस असो की वर्गणी मागायला आलेला, काका आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. त्याच्या सायकलीच्या मागच्या चाकाशी वाकतात आणि तिथूनच विचारतात,

"हे काय लावलंय? खराटा?"

वायर पिंजारलेली असते. पिंजारलेली वायर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत; ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या बोटाला ते आत्ता आठवलं असेल.

सायकलच्या ब्रेकची वायर ही एक तार नसते. साधारण दीड मिलिमीटर जाडीत बहुधा १९ बारीक तारा पिळलेल्या असतात. बाहेरून पोलादी पट्टीच्या वेटोळ्यांची नळी. मुठीतला खटका दाबला की आतली तार ओढली जाते, बाहेरची नळी तेवढाच उलटा दाब सोसते, आणि ओढ हवी तिथं वळणं घेत पोचते. ही युक्ती अर्नेस्ट बाउडेन नावाच्या साहेबाच्या नावावर आहे; पेटंट १८९६चं. काका त्याला 'बाउडेनसाहेब' म्हणतात, आपल्याच खात्यात वरिष्ठ असल्यासारखं. वायरीचं वरचं टोक खटक्यात बसतं, त्याला कारखान्यातच धातूचं बोंड असतं. खालचं टोक बोल्टाखाली आवळून उरलेलं कापतात. कापलं की पीळ सुटायला लागतो. आधी एक तार बाहेर येते, मग तिला बघून दुसरी.

काकांचं म्हणणं एवढंच की तिथं काहीतरी करा.

मिस्त्रींचं म्हणणं एवढंच की कामून?

हे मिस्त्री म्हणजे स्टेशन रोडच्या एका बोळातले. त्यांच्या टपरीत एक हवेचा पंप, पंक्चर बघायची पाण्याची घमेली आणि ऐरण म्हणून रेल्वे रुळाचा एक हातभर तुकडा. हा तुकडा कुठून आला हे विचारायचं नसतं. वायर त्या तुकड्यावर ठेवून ते छिन्नी धरतात आणि हातोडी हाणतात. एका घावात दोन तुकडे. पण तुटलेलं टोक चेपून शेपटासारखं पसरतं, आणि काका डोळे मिटून घेतात.

"मिस्त्री, वायर कापायची असती, कांडायची नसती."

"काका, बोल्टाच्या वर वायर साबूत हाय तवर ब्रेक लागतोय. बोल्टाच्या खाली काय बी होऊ द्या. तिकडं अल्ला की मर्जी."

यात मिस्त्री शंभर टक्के बरोबर आहेत, हेच काकांचं खरं दुखणं. टोक पिंजारलं म्हणून ब्रेक तुटत नाही. बोल्टाखालची वायर काही काम करत नाही, निवृत्त आहे. म्हणून तर काकांना तिचा इतका जिव्हाळा.

पण काकांकडे एक हुकमाचं पान आहे. वायर नळीत सुकली, गंजली, खटका जड झाला, की ती बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा घालता येते. पिंजारलेली वायर बाहेर निघते, पण परत आत जात नाही. १९ तारा १९ दिशांना तोंड करून उभ्या असतात आणि नळीचं तोंड एकच.

"आता सांगा, ग्रीस कसं लावणार?"

"ग्रीस कशाला? नवी घालतो. वायर कितीला येती, काका?"

'नवी घालतो' हे दोन शब्द ऐकले की काका पाणी मागतात. सगळा जन्म त्यांनी न बदलता येणाऱ्या तारांत काढला. खड्ड्यात उतरून, वर पाल ठोकून, पेट्रोमॅक्सच्या उजेडात जमिनीखालच्या केबलीचे जोड बांधायचे. आधी शिशाच्या कवचातल्या, कागद गुंडाळलेल्या तारा होत्या. कागदाला ओल लागली की आख्खी गल्ली मुकी. मग जेली भरलेल्या केबली आल्या. ती जेली हाताला लागली की जेवताना भाकरीला वास येतो, असं काकू अजून सांगतात. त्या नोकरीत काकांना एकच गोष्ट शिकवली गेली: पाणी मधून शिरत नाही, टोकातून शिरतं. कापलेली केबल रात्रभर उघड्या तोंडानं सोडली तर सकाळी तिच्यात पाणी असतं आणि दुपारी साहेब.

त्या नोकरीतले रंगही त्यांच्या डोक्यातून गेलेले नाहीत. केबलीत तारांच्या जोड्या रंगावरून ओळखतात. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एका बाजूला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा हे पाच दुसऱ्या बाजूला. मिळून २५ जोड्या. कॉलनीतल्या एका लग्नात नवरदेवाला लाल फेटा आणि नवरीला हिरवा शालू होता. अक्षता टाकून काका माझ्या कानात म्हणाले, "आठवी जोडी. हिच्यात फॉल्ट येत नाही." मी घरी येऊन बोटांवर मोजलं. आठवीच होती.

टोक बांधायची काकांची रीत अशी. वायर आधी पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायची. जिथं कापायचं तिथं आधी राळ लावून कथील चढवायचं, कथील पिळात मुरलं की मग कटरनं त्याच्या मधोमध कापायचं. आधी कापून मग कथील लावणारा माणूस काकांच्या लेखी कल्हईवाला सुद्धा नाही. जस्ताच्या पाण्याची वायर कथील छान धरते, स्टेनलेसची साध्या राळेनं धरत नाही, तिथं टोपण. टोपण घालून पकडीनं दोन ठिकाणी चिमटायचं, पण हळू. चपटं केलं तर ते टोपणही नाही आणि वायरही नाही. बोल्टापासून दोन बोटं वायर सोडायची. त्याहून कमी सोडली तर पुढच्या वेळी ओढायला पक्कड धरत नाही, जास्त सोडली तर आऱ्यांत जाते. कथील लावलेल्या टोकाचा फायदा असा की वायर नळीतून कितीदाही काढा-घाला, टोपण उपटायची भानगड नाही. मी हे सगळं न बघता लिहिलं. ज्यांचा बंगला काकांच्या समोर असतो त्यांना लिहिता येतं.

टोपणं परभणीत सुटी मिळायची मारामार. त्यामुळे मधला काही काळ काकांनी पर्याय शोधले. पेनच्या रिफिलीचा तुकडा तापवून बसवला, उन्हात सैल झाला. आणि आमचं ऊन! जुन्या आऱ्याचं निपल घालून त्यात एमसील भरलं, दणकट झालं, पण त्या एका टोकाचं वजन बघून मिस्त्रींनी विचारलं, "काका, याला वेगळं स्टँड लावू का?" फेविक्विकचा एक थेंब मात्र लागू पडला, पिळात झटकन ओढला जातो आणि तारा धरून ठेवतो. त्या दिवशी काकांची दोन बोटंही धरून ठेवली होती.

मग नेलपॉलिश. हे कुणी सुचवलं ते उघड झालेलं नाही. काका स्वतः बाजारात बांगड्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "शेड कोणती दाखवू?" काका म्हणाले, "कुठली बी दाखवा, लवकर वाळती का तेवढं सांगा." दुकानदारानं गुलाबी दिली. पुढचे आठ दिवस काकूंना कॉलनीतल्या बायका विचारत होत्या की एवढं कुणासाठी घेऊन गेले. अजूनही दोन-तीन जुन्या सायकली गुलाबी नखं घेऊन फिरतात, आणि त्यातली एक आमच्या भाजीवाल्याची आहे.

अशी माणसं सायकलीपुरती नसतात. काकांच्या पायजम्याच्या नाडीची दोन्ही टोकं मेणबत्तीवर धरून वितळवलेली आहेत. कॉलनीच्या गणपतीच्या मांडवात सुंभाचं प्रत्येक टोक गाठ मारून आत खोवलेलं असतं; मूर्ती आली नाही तरी चालेल, टोकं लोंबता कामा नयेत. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं की सगळे 'मंजूर' म्हणतात आणि काका म्हणतात, "शेवटच्या वाक्याला पूर्णविराम नाही." तुमच्या गल्लीतही असा एक असेल. बँकेत पेनाला बांधलेल्या दोरीची गाठ बघणारा.

या बाबतीत काकांचा दाखला शेतातला असतो. आमच्याकडे पोळ्याला बैलाचा सगळा साज नवा करतात. वेसण, मोरकी, दावं, कासरा. दाव्याला गाठ, कासऱ्याला गोंडा. "कुणब्यानं कासऱ्याचं टोक कधी उघडं सोडलंय का? जे बैलाच्या मालकाला कळतंय ते सायकलीच्या मालकाला कळंना." यावर मिस्त्री म्हणाले होते, "काका, बैल तुमच्यासारखा रोज येऊन बोलत नाही म्हणून त्याचं भागतं."

तरी पावसाळ्यात काकांची बाजू वर येते. आमची काळी माती पाऊस पडला की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये अशी ठासते की चाक फिरत नाही. मग उतरायचं, काडी शोधायची आणि चिखल कोरायचा. काडी मोडली की बोट घालायचं. बोट जातं ते बरोबर त्या टोकापाशी. जून-जुलैत कॉलनीत 'आई गं' असं ऐकू आलं की काका ओट्यावरूनच विचारतात, "मागचं का पुढचं?"

याच दिवसांत नव्या सायकलींची झुंबड असते. शासनाच्या मानव विकासच्या योजनेतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. खेड्यावरून बाप-लेकी दुकानात येतात. सायकल काही झाडावरून तोडल्यासारखी तयार मिळत नाही. सुटे भाग येतात, दुकानात फिटिंग होतं, आणि बाहेर दहा जण उभे असताना फिटिंग करणाऱ्या पोराला टोक कुठलं दिसणार! काका या दिवसांत मुद्दाम दुकानांवरून चक्कर मारतात. पैसे घेत नाहीत. मुलगी पहिल्यांदा सायकलीवर बसणार, तेवढ्यात एक अनोळखी म्हातारा "थांब पोरी" म्हणून चाकाशी बसतो. बाप घाबरतो. म्हातारा खिशातून डबी काढतो, दोन टोपणं बसवतो, पक्कड मारतो, ओढणी गाठ मारून घे म्हणून सांगतो आणि उठून जातो. त्या दोन मिनिटांपुरतं कुणालाही काकांना हसावंसं वाटणार नाही. मलाही नाही, आणि मी त्यांच्यावर लेख लिहायला बसलो आहे.

पण तेवढीच दोन मिनिटं. आमच्या शेजारची दहावीतली पोर आली होती.

"आजोबा, चेन पडायलीय सारखी. तेवढं बघा ना."

"चेन नंतर. आधी हे टोक बघ कसं झालंय."

टोक झालं. कथील लावून, घासून, चकचकीत. चेन तशीच पडत राहिली. पोर महिनाभर काळे हात घेऊन शाळेत गेली आणि शेवटी मिस्त्रींनी मागचं चाक अर्धा बोट ओढून चेन ताणून दिली. किती लागला वेळ? हवा भरायला लागतो त्याहून कमी.

फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, सगळा जिल्हा लोटतो. काका नातवाला घेऊन गेले. नातवाला आकाशपाळण्यात बसायचं होतं. काकांनी आधी पाळण्याला ताण दिलेले पोलादी दोर बघितले. अशा दोराचं टोक दुमडून त्यावर क्लिपा आवळतात. क्लिपेचं खोगीर वजन पेलणाऱ्या जित्या दोराकडे यायला हवं आणि वाकवलेला बोल्ट दुमडलेल्या मेल्या टोकाकडे. उलटं बसवलं तर बोल्ट जित्या दोरालाच चावतो. तिथं दोन क्लिपा उलट्या होत्या. काकांनी पाळणेवाल्याला बोलावलं. पाळणेवाल्यानं त्यांना फुकट बसा म्हणून सांगितलं. काकांनी पाना मागितला. रांग वाढली, कुणीतरी म्हणालं सरकारी माणूस दिसतोय, त्याबरोबर पाना आला. दोन्ही क्लिपा सरळ झाल्या, काकांनी हातानं दोर ओढून बघितला आणि नातवाला हाक मारली. नातू खुर्चीवर झोपला होता. हे प्रकरण मी काकांच्या बाजूनं जमा धरतो. सायकलीत टोक म्हणजे फार तर बोटाला टोचणं. पाळण्यात तसं नाही.

काकूंचा हिशेब वेगळा आहे. "गावाची टोकं बांधत हिंडत्यात. आमच्या स्वयंपाकघराचं दार गौरीपासून लागंना झालंय. कुठल्या गौरीपासून ते विचारू नका." हे खरं आहे. दाराला टोक नसतं. शिवाय सगळ्या जगाची टोकं बंद करणाऱ्या या माणसाच्या बोलण्याला मात्र टोक नाही. शिवाजी चौकातल्या खड्ड्यापासून निघालेली गोष्ट पूर्णा जंक्शनवरून गंगाखेडला जाते, तिथं एका सब-डिव्हिजनल साहेबांच्या बदलीपाशी थांबते, आणि "आता शेवटचं सांगतो" म्हणून परत खड्ड्यात उतरते. ऐकणाऱ्याची १९ कामं १९ दिशांना पडलेली असतात.

काका स्वतः नोकरीत असताना गजाच्या ब्रेकची सायकल वापरायचे. तिला वायरच नाही, सगळे गज, त्यामुळे पिंजारायचा प्रश्न नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती विकली आणि वायरीच्या ब्रेकची अॅटलस घेतली. काकू म्हणतात की केवळ टोकांसाठी घेतली. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला, नेमक्या जागतिक सायकल दिनाला. ती बातमी वाचून काका बराच वेळ पेपर घडी करत होते. मग म्हणाले, "कंपनीचं १९५१ पासून चाललेलं काम. टोक नीट बांधता आलं असतं."

त्याच सायकलीवरून काका गेल्या पावसाळ्यात पडले. कॉलनीच्या फाटकाशी थोडा उतार आहे. परभणीत उतार इतके कमी की आम्ही तो पाहुण्यांना दाखवतो. काकांनी दोन्ही खटके दाबले. सायकल त्याच वेगानं पुढं गेली आणि भाजीच्या गाड्यावर आदळली. गाड्यावर भेंडीचा ढीग होता. 'परभणी क्रांती' ही भेंडी आमच्याच कृषी विद्यापीठानं काढलेली. केवडा रोगाला दाद न देण्याबद्दल तिचं नाव आहे, पण काकांपुढं तिचं काही चाललं नाही. आम्ही धावलो. काका भेंडीत आडवे. गुडघा खरचटलेला, चष्मा कानावरून लोंबतोय. मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी सायकल उभी केली, चाक फिरवलं, खटका दाबला, चाक फिरतच राहिलं. वाकून बघितलं.

"काका, वायर एक नंबर. टोक एक नंबर. गुटके कुठं हायत?"

ब्रेकचे रबरी गुटके झिजून नुसत्या पत्र्याच्या खोबणी उरल्या होत्या. नवे बसवायला मिस्त्रींना पाच मिनिटं पुरे. गुटके हे ना टोक, ना सुरुवात. ते मधलं काम. काकांनी तिकडे कधी बघितलंच नव्हतं. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी कबूल करेल. काकांनी चष्मा बसवला, रांगत मागच्या चाकापर्यंत गेले, टोक बोटानं चाचपलं आणि मान वर करून मिस्त्रींना म्हणाले, "बघा. एवढं आदळलो, पण टोपण निघालं का?"

मिस्त्रींनी गुटके बसवले, पैसे घेतले नाहीत. मी भेंडीचे पैसे दिले.

असा माणूस प्रत्येक गल्लीत एक हवा. दोन नकोत, दोन झाले तर एकमेकांची टोकं तपासत बसतील. एकही नसेल तर पावसाळ्यात बोटं तुमची आहेत. तेव्हा परभणीला आलात आणि जिंतूर रोडच्या बाजूला सायकल लावायची वेळ आली तर तासभर मोकळा ठेवा, वायरीचं टोक आधीच कुठंतरी बांधून या, आणि गुटके तेवढे स्वतः बघा. काका ते बघणार नाहीत.